पिशवीतली गोळी

लिव्हर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, दारू घेता का? हसू नका, याच प्रश्नावर माझा राग आहे, आणि वेळ अर्ध्याच तासाची असली तरी तो आधी काढून घेतो. आजचा विषय दारूचा नाहीच, ऑटोइम्युन आजारांचा आहे, म्हणजे शरीराची इम्युन सिस्टीम स्वतःच्याच लिव्हरवर उठते ते, आणि त्यांना बाहेरून काय चेतवतं त्याचा.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, डोळे पिवळे, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण त्याआधी तीन ठिकाणी तोच प्रश्न, एका ठिकाणी तर नवऱ्याला बाहेर नेऊन विचारलं, खरं सांगा म्हणून. रिपोर्टमध्ये एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं (दोन्ही इम्युन सिस्टीम बिथरल्याच्या रक्तातल्या खुणा), बायॉप्सीत, म्हणजे लिव्हरचा तुकडा तपासला त्यात, ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखंच चित्र, म्हणजे इम्युन सिस्टीमनेच आणलेली लिव्हरची सूज. मी म्हटलं, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. पिशवी टेबलावर उलटी केली तर बीपीची, थायरॉईडची, आणि तळाशी चुरगळलेली नायट्रोफ्युरंटॉइन या अँटिबायोटिकची स्ट्रिप. लघवीचं इन्फेक्शन सारखं होतं म्हणून कुणीतरी तीन महिने रोज रात्री एक लिहून दिली होती. बंद कर असं कुणी सांगितलंच नाही, मग दोन वर्षं चालूच! ती बंद केली, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं, आणि स्टेरॉइड थांबवल्यावरही आजार उलटला नाही. खरा ऑटोइम्युन हिपॅटायटिस स्टेरॉइड सोडलं की बहुतेकदा उलटतो, फरक तिथे कळतो, हा त्या गोळीने आणलेला होता. मुरुमांसाठीची मिनोसायक्लिनही असंच करू शकते. (मागच्या रांगेत कुणीतरी पर्स उघडली, बघा बघा.)

जीन्सचा वाटा आहेच, नाही कोण म्हणतंय. पण पीबीसी, म्हणजे लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्यांचा ऑटोइम्युन आजार, ज्याच्या नावातलं सिरॉसिस 2015 मध्ये काढलं (सिरॉसिस म्हटलं की लोकांना दारूच आठवते, उशिरा का होईना, पेशंटवरचा तो संशय कमी व्हावा म्हणून), त्यात एकसारख्या जुळ्यांच्या 8 जोड्या तपासल्या होत्या. 5 जोड्यांत दोघींना आजार. उरलेल्या 3 जोड्यांत एकीलाच, जीन्स त्याच असून! मग बाहेरून काय आलं?

आता इंग्लंडमधल्या शेफिल्डची गोष्ट, माझी लाडकी. 1980 च्या सुमाराला तिथे पीबीसीचे पेशंट नकाशावर मांडले तर बहुतेकांच्या घरी एकाच जलाशयाचं पाणी. झालं, चोर सापडला! पाणी तपासलं, ठोस काही मिळेना. पुढे न्यूयॉर्कमध्ये विषारी कचऱ्याच्या जागांजवळ पेशंटचे पुंजके दिसले, तिथेही नेमकं कोणतं रसायन ते हाती लागलं नाही. पुंजका दिसणं वेगळं आणि…

किती? पाच मिनिटं? अहो मुख्य भाग राहिला की!

बरं, भराभर. पीबीसीत अँटिबॉडी, म्हणजे इम्युन सिस्टीमचं हत्यार, माइटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) पीडीसी-ई2 या प्रोटीनवर जाते. लघवीचं इन्फेक्शन करणाऱ्या ई. कोलाय या जंतूकडे त्याच्यासारखंच प्रोटीन असतं, आणि या पेशंटमध्ये लघवीच्या इन्फेक्शनची हिस्टरी जास्त सापडते, त्यामुळे इम्युन सिस्टीमची ओळखण्यात गफलत होत असावी असा संशय. दुसरं, कॉस्मेटिक्समध्ये वापरलं जाणारं 2-ऑक्टिनोइक अॅसिड. याच प्रोटीनवर लिपोइक अॅसिड जिथे बसतं तिथे ते बसलं तर प्रोटीन परकं वाटायला लागतं. हे अॅसिड एका प्रोटीनला जोडून उंदरांना टोचलं तर पीबीसीसारखा आजार झाला, पण लगेच लिपस्टिक फेकू नका, उंदीर लावत नाहीत. सिगारेटने पीबीसीचा धोका वाढतो, मात्र पीएससीत, म्हणजे पित्तनळ्यांच्याच दुसऱ्या आजारात, जो बहुतेकदा आतड्याच्या कोलायटिसबरोबर (आतड्याच्या सुजेबरोबर) येतो, त्यात ओढणारे कमी दिसतात. हे शेवटचं वाक्य घरी सांगू नका.

प्रश्न बाहेर घेतो. पिशव्या घेऊन या.