व्हायरस नेमका कधी आणि कुठे पकडायचा

नमस्कार श्रोतेहो. आज आपण व्हायरसबद्दल बोलणार आहोत, आणि मी सुरुवात एका तक्रारीपासून करते जी डेंग्यूच्या बाबतीत फार वेळा ऐकू येते, की तापाच्या दुसऱ्या दिवशी अँटिबॉडीची टेस्ट केली तर निगेटिव्ह आली आणि आठवड्याने तीच टेस्ट पॉझिटिव्ह आली, मग पहिली लॅब चुकली का? बहुतेक वेळा लॅब चुकलेली नसते, तर दिवस चुकलेला असतो. डेंग्यूचा व्हायरस पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात भरपूर असतो, पण त्याच्याविरुद्ध शरीर ज्या बनवतं त्या आयजीएम नावाच्या अँटिबॉडी दिसायला लागतात साधारण पाचव्या दिवसापासून, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या शोधल्या तर सापडणार कुठून? त्या दिवशी शोधायला हवं होतं व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन, म्हणजे एनएस-वन, किंवा त्याचा आरएनए. आता व्हायरसचं कुठलं प्रोटीन, कुठला आरएनए, अँटिबॉडी कशाविरुद्ध बनते, हे सगळं कळायचं तर आधी व्हायरस बनलाय कशाचा ते बघायला लागतं.

व्हायरस सापडला तोच मुळी न दिसण्यातून. १८९२ मध्ये दिमित्री इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून गाळला आणि तरी तो गाळलेला रस निरोगी झाडांना रोग देत राहिला. १८९८ मध्ये बायरिंक यांनी हेच परत करून बघितलं आणि ठामपणे सांगितलं की हे बॅक्टेरियापेक्षा वेगळंच काहीतरी आहे जे जिवंत पेशीतच वाढतं. त्याच वर्षी लोफलर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचंही कारण असंच फिल्टरमधून निसटणारं आहे हे दाखवलं. मग १९३५ मध्ये स्टॅनली यांनी तंबाखूच्या त्या व्हायरसचे चक्क स्फटिक बनवले, आणि ते स्फटिक विरघळवून झाडाला लावले तर झाड आजारी! मला विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग फार मोठा वाटतो, कारण बाटलीत रसायनासारखी पडून राहणारी वस्तू पेशीत गेली की स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेते, हे पहिल्यांदा इतकं स्पष्ट समोर आलं. तिचा फोटो मात्र १९३९ मध्ये मिळाला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर.

फोटोला एवढा उशीर का, तर साइज. साध्या मायक्रोस्कोपखाली साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा लहान गोष्ट नीट दिसत नाही. एखादा गोल बॅक्टेरिया १००० नॅनोमीटरच्या आसपास असतो, फ्लूचा व्हायरस १०० च्या आसपास, पोलिओचा फक्त ३०. देवीचा व्हायरस त्यातल्या त्यात मोठा, ३०० च्या घरातला.

आता रचना. आत एक जीनोम, म्हणजे पुढच्या प्रती कशा काढायच्या त्याचा मजकूर, आणि तो डीएनए असतो किंवा आरएनए, एका व्हायरसच्या कणात दोन्ही प्रकारचे जीनोम नसतात. त्याभोवती प्रोटीनचं कवच, त्याला कॅप्सिड म्हणतात, आणि हे कवच लहान लहान सारख्या तुकड्यांचं बनतं कारण एवढ्याशा जीनोममध्ये शेकडो वेगवेगळ्या प्रोटीनची माहिती मावणारच नाही, मग एकच तुकडा परत परत वापरायचा. तुकडे मळसूत्रासारखे रचले तर लांब नळी तयार होते, तंबाखूच्या व्हायरससारखी, आणि वीस त्रिकोणी बाजूंची रचना केली की जवळजवळ गोल डबी तयार होते, पोलिओ किंवा अ‍ॅडिनोव्हायरससारखी. देवीच्या व्हायरसची रचना या दोन्हीत बसत नाही, ती गुंतागुंतीची आहे. बस, एवढंच सामान. स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रं, नाहीत, ऊर्जा बनवायची सोय नाही, बॅक्टेरियासारखी पेशीभिंत नाही. आणि बहुतेक अँटिबायोटिक नेमकी याच गोष्टींवर काम करतात, भिंत पाडायची, बॅक्टेरियाचे रायबोसोम अडवायचे वगैरे, म्हणून व्हायरसच्या तापात अँटिबायोटिक घेऊन त्या व्हायरसला काहीच होत नाही.

काही व्हायरसना कवचावर आणखी एक आवरण असतं, चरबीचं, ज्याला एन्व्हलप म्हणतात. हे ते स्वतः बनवत नाहीत, ज्या पेशीतून बाहेर पडतात तिचाच पडदा अंगावर घेऊन येतात आणि त्यात स्वतःचे प्रोटीनचे काटे बसवतात, त्या काट्यांनी पुढची पेशी पकडायची. ऐकायला वाटेल की जास्त आवरण म्हणजे जास्त टिकाऊ, पण होतं उलट! चरबी साबणाने फुटते, अल्कोहोलने फुटते, सुकल्यावरही लवकर खराब होते आणि आवरण गेलं की काटे गेले आणि व्हायरस निकामी झाला. फ्लू, कोरोना, एचआयव्ही, रेबीज हे सगळे असे आवरणवाले. याउलट पोलिओ, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस हे उघडे कवचवाले, ते पोटातल्या अ‍ॅसिडमधून सहीसलामत जातात, पाण्यातून पसरतात, आणि नोरोव्हायरसवर तर हाताला लावायचं अल्कोहोल सॅनिटायझर नीट चालत नाही, तिथे साबण-पाण्याने चोळून हात धुवून व्हायरस वाहून घालवावा लागतो आणि फरशीला क्लोरीनवालं ब्लीच लागतं.

रेबीजबद्दल इथेच थांबून सांगते कारण हे जीवाशी संबंधित आहे. जनावर चावलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याला हे चरबीचं आवरणही एक कारण आहे, साबण ते आवरण फोडतो आणि पाणी उरलेले कण वाहून नेतं. आणि दुसरी गोष्ट, लक्षणं दिसायच्या आधी माणसाला रेबीजची लागण झालीय का हे सांगणारी कुठलीही टेस्ट नाहीये. व्हायरस जखमेजवळ आणि मग नसांमधून मेंदूकडे सरकत असतो, रक्तात सापडत नाही. त्यामुळे टेस्टची वाट बघायची नाही, जखम धुवून थेट डॉक्टरकडे जायचं आणि ते सांगतील तशी लस आणि गरज असेल तर अँटिबॉडीचं इंजेक्शन घ्यायचं.

आता वर्गीकरण. आजाराच्या नावावरून व्हायरसचे गट केले तर किती घोळ होतो ते हिपॅटायटिसमध्ये बघा. ए, बी, सी, डी, ई, पाचही लिव्हरलाच सूज आणतात, नावं भावंडांसारखी, पण प्रत्यक्षात एकमेकांचे कुणी नाहीत. ए आणि ई विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यावर चरबीचं आवरण नसतं, म्हणून ते दूषित पाण्या-अन्नातून पसरतात. बी आणि सी आवरणवाले, ते रक्तातून. बी डीएनएवाला, सी आरएनएवाला, आणि डी तर बी सोबत असल्याशिवाय पसरूच शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी आजार बाजूला ठेवून व्हायरसकडेच बघायला सुरुवात केली, जीनोम कसला, कवच कसं, आवरण आहे का. १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी तर एकच प्रश्न विचारला, की हा व्हायरस पेशीला वाचता येईल असा आरएनए, म्हणजे एमआरएनए, बनवतो कसा? त्यातून सात गट झाले. पोलिओ आणि डेंग्यूचा आरएनए पेशी सरळ वाचते. गोवर, रेबीज, फ्लू यांचा आरएनए उलटा असतो, म्हणून त्यांना उलट्याचा सुलटा करणारं एन्झाइम सोबत घेऊनच आत शिरावं लागतं. एचआयव्ही आरएनएचा डीएनए बनवतो. बाकीचे गट सांगत बसत नाही. आज अधिकृत नावं आणि कुळं ठरवायचं काम व्हायरसच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती करते आणि त्यात जीनोमच्या क्रमाला सगळ्यात जास्त वजन असतं.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाहीये, लॅबच्या रिपोर्टवर याचा सरळ परिणाम होतो. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, यलो फीवर हे सगळे एकाच कुळातले, त्यांच्या आवरणावरची प्रोटीन इतकी सारखी की एकाविरुद्ध बनलेली अँटिबॉडी दुसऱ्याच्या टेस्टलाही चिकटते. पूर्वी एकाची लागण किंवा लस झालेली असेल तर दुसऱ्याची अँटिबॉडी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून रिपोर्टचा कागद एकटा वाचून चालत नाही, आधी काय काय झालं होतं तेही डॉक्टरांना सांगावं लागतं.

तर टेस्ट म्हणजे शेवटी चार गोष्टींपैकी काहीतरी शोधणं. जिवंत व्हायरस वाढवून बघायचा, त्याचं प्रोटीन म्हणजे अँटिजेन शोधायचं, त्याचा जीनोम शोधायचा, किंवा शरीराने दिलेलं उत्तर म्हणजे अँटिबॉडी शोधायची.

वाढवायचं तर जिवंत पेशी हव्यात, पोषण घातलेल्या जेलीवर बॅक्टेरिया वाढतात तसा व्हायरस वाढत नाही. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा व्हायरस मज्जातंतू सोडून इतर पेशींमध्ये वाढवून दाखवला, १९५४ चं नोबेल त्यालाच मिळालं आणि लशीचा रस्ताही त्यातूनच मोकळा झाला. कल्चरमध्ये, म्हणजे असं वाढवून बघताना, पेशी कशा बिघडतात त्यावरूनही अंदाज येतो, गोवरात शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी बनते. पण कल्चरला दिवस लागतात, कधी आठवडे, म्हणून रोजच्या कामात आता पीसीआर पुढे आहे.

पीसीआर कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलं. जीनोमचा एक ठराविक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट करायचा, ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. फक्त हे डीएनएवरच चालतं, म्हणून आरएनए व्हायरस असेल तर आधी त्याचा डीएनए बनवायचा, आणि तो बनवणारं एन्झाइम मिळालं कुठून तर एचआयव्हीच्याच कुळातल्या व्हायरसकडून, १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी ते शोधलं होतं! व्हायरसचंच हत्यार घेऊन आज आपण व्हायरस पकडतो.

पण कितीही चांगली टेस्ट असली तरी सॅम्पल बिघडलं की सगळं बिघडलं, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. स्वॅबची काडी लाकडी असेल तर त्यातले घटक पीसीआरमध्ये अडथळा आणतात, हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, ट्यूबमधलं रक्तही तसंच, स्वॅब कोरडा न पाठवता खास द्रावणात, २ ते ८ डिग्रीला पाठवायचा. नाकात वरवर फिरवून घेतलेल्या स्वॅबवर आलेल्या निगेटिव्हचा भरवसा किती धरणार? दिवसाचंही तसंच, एचआयव्हीमध्ये अँटिजेन-अँटिबॉडी दोन्ही शोधणाऱ्या लॅबच्या टेस्टलाही लागण झाल्यापासून १८ ते ४५ दिवस लागू शकतात, त्याआधीचा निगेटिव्ह पक्का धरत नाहीत. आणि उलट बाजूने, बरं झाल्यावरही पीसीआर काही दिवस, कधी काही आठवडे, पॉझिटिव्ह येऊ शकतं कारण त्याला आरएनएचे तुकडे सापडतात, ते तुकडे जिवंत व्हायरसचे आहेत की मेलेल्याचे हे त्याला कळत नाही.

शेवटी, अगदी नवा व्हायरस आला तर? २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या नव्या आजाराच्या वेळी हेच झालं, कुठली टेस्ट करायची तेच माहीत नव्हतं. पेशंटचं सॅम्पल माकडाच्या किडनीच्या पेशींमध्ये घातलं, पेशी बिघडायला लागल्या, त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि कणांच्या आकारावरून कळलं की हा कोरोनाव्हायरस आहे, मग जीनोम वाचला गेला आणि मग पीसीआर टेस्ट. २०२० च्या जानेवारीत क्रम बदलला. कोविडच्या नव्या व्हायरसचा जीनोम आधी जाहीर झाला, जर्मनीतल्या टीमकडे तो व्हायरस हातात नव्हताच, तरी तो सार्सच्या कुळातला आहे हे जीनोमवरून दिसत होतं म्हणून त्यांनी जुन्या सार्सच्या व्हायरसच्या मदतीने टेस्ट तपासून घेतली आणि त्याच महिन्यात ती प्रसिद्धही केली. नमस्कार.