अर्ध्यावर अडकलेला आर्म

साकीनाका. मेट्रोच्या खांबांपासून आत वळलं की गाळ्यांची रांग लागते. बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय आणि आत एक व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणारी मशीन, गप्प उभी आहे. टूल, म्हणजे कापायचं हत्यार, बदलणारा आर्म मधेच अडकलाय. त्याच्या एका पंजात स्पिंडलमधलं, म्हणजे टूल धरून फिरवणाऱ्या भागातलं टूल, दुसऱ्यात मॅगझिनमधलं, म्हणजे टूलच्या साठ्यातलं. स्क्रीनवर अलार्म: टूल अनक्लॅम्प झालं नाही, म्हणजे स्पिंडलनं ते सोडलं नाही.

एरवी हे काम काही सेकंदांत उरकतं. प्रोग्राममध्ये टूल बदलायचा कोड, एम झिरो सिक्स, आला की स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबतं, मॅगझिनमधला टूलचा पॉट खाली येतो, आर्म दोन्ही टूलचे होल्डर धरतो. मग स्पिंडल टूल सोडतं, आर्म खाली उतरतो, अर्धा फेरा घेऊन वर चढतो. दर पायरीला सेन्सरकडून ‘झालं’ असा निरोप यावा लागतो. तो आला नाही, की मशीन जागच्या जागी थांबतं. अलार्म फक्त न आलेला निरोप सांगतो. का आला नाही, हे आपणच शोधायचं.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, सेन्सर शॉर्ट करून टाक, म्हणजे मशीनला ‘झालं’ असा खोटा निरोप जाईल. कळकळीनं सांगतो, असं करू नका. टूल खरोखरच सुटलेलं नसेल, तर आर्म ते जोरानं ओढायला जाईल. आर्म वाकेल, स्पिंडलला मार बसेल. त्यात कुणाचा हात असला तर?

टूल सोडायला हवेचा दाब लागतो, म्हणून इथला ऑपरेटर आधी हवेचा गेज बघतो. सहा बार. पण हा झाला हवा वाहत नसतानाचा आकडा. तो मशीनचीच एअर गन दाबून धरतो आणि काटा झरझर साडेतीनवर येतो.

जवळून बघा. फिल्टरची वाटी गढूळ पाण्यानं अर्धी भरलीय, आतला फिल्टर काळा पडलाय. पावसाळ्याची दमट हवा कंप्रेसरमध्ये दाबली गेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत साठते. टाकी रोज ड्रेन केली नाही, तर तेच पाणी लाइनमध्ये येतं. चोंदलेल्या फिल्टरमधून पुरेशी हवा जात नाही. टूल घट्ट धरून ठेवणाऱ्या ड्रॉबारवरच्या डिस्क स्प्रिंग दाबायला मोठा जोर लागतो. त्या दाबणारा हवेचा सिलिंडर थोडा कमी उतरला, तरी सेन्सर ‘झालं’ म्हणत नाही.

हवेचा दाब नीट असता, तर तपासायची पुढची पाळी हवेचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधल्या तेलाची, मग सेन्सरच्या तोंडाला चिकटलेल्या धातूच्या चिप्सची.

मेन स्विच बंद. टूलखाली लाकडी ठोकळा. आर्मच्या मोटरचा ब्रेक सोडून, शाफ्टला पाना लावून ऑपरेटर आर्म हळूहळू मागे, मूळ जागी आणतो. नवा फिल्टर बसतो. टाकीचा ड्रेन उघडल्यावर गंजाच्या रंगाचं पाणी बराच वेळ वाहत राहतं.

आता टेबलावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नाही. तो एकेक टूल बोलावतो आणि दर वेळी नजर गेजच्या काट्यावर ठेवतो. दहा वेळा. मग जॉब पुन्हा टेबलावर चढतो.