पावती कुठं हाय?

(वडगाव, बेळगाव. यंत्रमागाचा आवाज. माग थांबतो.)

माग चालू असला की या घरात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. म्हणून मावशींनी तो बंद केलाय, पदराला हात पुसलेत आणि त्या चटईवर येऊन बसल्यात. हातात फोन. फोनमध्ये एका पतसंस्थेच्या अ‍ॅपचा कच्चा नमुना, म्हणजे प्रोटोटाइप. रोजची पिग्मी, म्हणजे दररोज थोडी थोडी भरायची बचत, घरबसल्या भरता यावी, एवढंच या अ‍ॅपचं काम.

समोर बसलेल्या ताई अनेक वर्षं परिचारिका होत्या. आता त्या यूएक्स, म्हणजे 'यूजर एक्स्पीरियन्स' (वापरणाऱ्याचा अनुभव), डिझाइन करतात. अ‍ॅप असो, एटीएम असो की दवाखान्यातला टोकन देणारा पडदा, ते वापरताना माणूस कुठं अडतो हे बघायचं आणि त्यावरून रचना ठरवायची, असं हे काम. चाचणीपूर्वी त्या काय सांगतात ते ऐका.

"मावशी, परीक्षा तुमची नाही, या फोनची आहे. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. अडलात तरी मी लगेच सांगणार नाही हं."

वापरणाऱ्याला मोठ्यानं बोलायला लावायची ही पद्धत क्लेटन लुईस यांनी 1982 मध्ये आयबीएममध्ये मांडली. ती शिकायला सोपी आहे. अवघड आहे ते यानंतरचं.

(मावशींचे हात, जवळून.)

मावशी रक्कम घालतात. बटण दाबतात. हिरवी खूण येते आणि जाते. अंगठा वर सरकतो, खाली सरकतो, पुन्हा वर. फोन उलटा करून बघतात.

"दाबलं खरं, पावती कुठं हाय?"

ताई गप्प आहेत. हे गप्प बसणं नीट बघा. ज्यानं अ‍ॅप बांधलंय, त्याच्या तोंडून इथं हमखास निघालं असतं, 'अहो, ते वरच्या कोपऱ्यात दाबा.' आणि चाचणी तिथंच संपली असती. ताई थांबतात, कारण थांबायची सवय त्यांना वॉर्डानं लावलीय. पेशंट 'बरं आहे' म्हणतो आणि पलंगाची कड घट्ट धरून ठेवतो. अशा वेळी परिचारिका त्याच्या हाताकडं बघते. मावशींनाही शेवटी विचारलं, अ‍ॅप कसं वाटलं? तर म्हणाल्या, "चांगलं हाय की." ताईंच्या वहीत तोवर अंगठ्याची प्रत्येक फेरी लिहून झाली होती.

(गणपत गल्ली. दुकानांच्या पायऱ्या.)

पावतीचं कोडं सोडवलं ते या दादांनी. हे पिग्मी एजंट होते, आता ताईंसारखेच यूएक्सच्या कामात आलेत. दारोदार फिरून रोज थोडी थोडी बचत गोळा करायची ही योजना सिंडिकेट बँकेनं 1928 मध्ये सुरू केली, दिवसाला दोन आण्यांपासून. आपल्या भागात ती पतसंस्थांनी घरोघर नेली. कुठल्या दुकानात सकाळी बोहनीआधी पाऊल टाकायचं नाही, कुठली बाई नवऱ्यासमोर आकडा बोलत नाही, हे एजंटाला पाठ असतं. दादा सांगतात, गिऱ्हाईक पावतीवर आज भरलेले पैसे बघतच नाही. ते त्याला माहीतच असतात. तो बघतो एकूण किती साठले. मावशी तोच आकडा शोधत होत्या.

(भिंत. रंगीत चिठ्ठ्या.)

मग हे काम सुरू होतं. प्रत्येक निरीक्षण एका चिठ्ठीवर. सारख्या चिठ्ठ्या एकत्र. 'पावती', 'भीती', 'चष्मा', 'मुलगा घरी नाही' असे गठ्ठे आपोआप तयार होत जातात. त्यातून कागदावर चौकटी, चौकटींवरून फिग्मात, म्हणजे पडदे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा नमुना. फिग्मा काही आठवड्यांत हाताखाली येतं. यूएक्सचा गूगलचा अभ्यासक्रम 2021 पासून कोर्सेरा या ऑनलाइन शिकायच्या संकेतस्थळावर आहे, तोही घरी बसून करता येतो. नवीन माणसाला भीती वाटते ती याच सॉफ्टवेअरची, आणि मला मनापासून वाटतं की ती भीती चुकीच्या जागी आहे.

कारण या क्षेत्राचं एक मूळ मानसशास्त्रात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं धावपट्टीवर उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. दोष वैमानिकांना दिला जात होता. अल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये पाहिलं, तर दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि हाताला सारख्याच लागणाऱ्या. उपाय साधा होता: चाकांच्या कळीला चाकाचा आकार, झडपेच्या कळीला पाचरीचा. पुढं 1993 मध्ये अ‍ॅपलमध्ये स्वतःच्या पदनामात 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घेणारे डॉन नॉर्मन, तेही मानसशास्त्राचेच प्राध्यापक.

(खानापूर तालुका. मराठी शाळेचा वर्ग.)

या बाई अजून शाळेत शिकवतात, सुटीत हे काम शिकतात. मान डोलावणाऱ्या पोराला कळलेलं नाही, हे त्यांना फळ्याकडं तोंड असतानाही समजतं.

जुनं काम सोडून इकडं येणं सोपं नव्हतं. पगार सुरुवातीला खाली आला, घरात बोलणी झाली, दादा काही महिने हुबळीला खोली घेऊन राहिले.

(पुन्हा वडगाव. फोनचा पडदा, जवळून.)

आता या अक्षरांकडं बघा. दोन ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापानं ठेवलेली, त्यामुळं वेलांट्या आणि रफार वरून कापले गेलेत. मावशींच्या घरात बोलणं मराठी, बाजारात कन्नड, कचेरीचा कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत. अशा चाचण्यांचे जाणकार याकोब निल्सन यांनी 2000 साली लिहिलं, की पाच माणसांबरोबरच्या चाचणीत सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात. पण वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं वेगळी घ्या, हेही त्यांनीच सांगितलंय. सीमाभागात हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. इथं मराठी वाचणाऱ्यांसोबत वेगळी चाचणी, कन्नड वाचणाऱ्यांसोबत वेगळी, आणि दोन्ही लिप्या चाचपडत वाचणाऱ्यांसोबत तिसरी. त्या तिसऱ्या घरात जाऊन बसणारं माणूस बाहेरून आणता येत नाही. ते इथल्या वॉर्डात, वर्गात आणि पिग्मीच्या फेरीवर तयार झालेलं आहे.

नव्या नमुन्यात हिरवी खूण जात नाही. तिच्याखाली तारीख, आजची रक्कम आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यात एकूण जमा. वेलांट्या पूर्ण दिसतात. पावती मुलाला पाठवायचं बटण दादांनी आग्रहानं घालायला लावलं. पुढची फेरी निपाणीत, विड्या वळणाऱ्या बायकांसोबत, रविवारी दुपारी, कारण तेव्हा त्यांचे हात मोकळे असतात. ताई मराठीत विचारतील, कन्नडसाठी चिकोडीहून एक अंगणवाडी सेविका येतेय. तिचीही ही पहिलीच चाचणी.