व्हरांड्यात बघ

(पडद्यावर: मधल्या सुट्टीतला रिकामा वर्ग. जोडून ठेवलेले दोन बाक. एका बाकावर खोडरबर.)

जपानी शाळांमधल्या मुलामुलींमध्ये एक समजूत आहे. कोऱ्या खोडरबरावर आपल्याला आवडणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं, कागदी वेष्टण पुन्हा वर सरकवायचं आणि कुणाला कळू न देता तो रबर झिजवत झिजवत संपवायचा. संपला, की प्रेम फळाला येतं.

निशिकाता नावाच्या मुलाच्या कानावर ही गोष्ट पडते आणि त्याचं लक्ष शेजारच्या बाकावर जातं. तिथे बसणारी ताकागी रोज त्याची फिरकी घेते. आता ती वर्गाबाहेर गेली आहे आणि तिचा रबर समोर पडलाय. त्यावरचं नाव एकदा कळलं, की ती कायमची गप्प बसेल, असा त्याचा हिशेब. असं दुसऱ्याचं गुपित बघणं बरं नाही, हेही त्याला कळतं. तो घुटमळतो. शेवटी वेष्टण सरकवतो.

रबरावर लिहिलेलं असतं, 'व्हरांड्यात बघ.'

तो मान वर करतो. व्हरांड्यात ताकागी उभी असते, त्याच्याकडे बघत, हसत.

(शीर्षक. संगीत.)

ही मालिका म्हणजे 'कराकाई जोझु नो ताकागी-सान'. 'कराकाई' म्हणजे चिडवणं, खोडी काढणं, फिरकी घेणं. 'जोझु' म्हणजे पटाईत. सोइचिरो यामामोतो यांची ही चित्रकथा शोगाकुकान या प्रकाशन संस्थेकडून २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं येत राहिली आणि २० खंडांत पूर्ण झाली. २०१८, २०१९ आणि २०२२ मध्ये तिच्यावरच्या ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेची तीन पर्वं आली, आणि २०२२ मध्येच चित्रपटही. दिग्दर्शक प्रत्येक वेळी एकच, हिरोआकी आकागी. ज्या स्टुडिओने ती बनवली, त्याचं काम महाराष्ट्रातल्या घराघरात पोचलेलं आहे. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आपली मुलं हिंदीत बोलणारे डोरेमॉन आणि शिनचॅन बघत बसायची, ते दोघंही याच शिन-एई ॲनिमेशनचे. शाळा, गल्ली, घर एवढ्याशा जगातून गोष्ट काढायची सवय या स्टुडिओच्या हाताला आधीपासूनच होती.

गोष्ट सांगायला बसलं तर एका वाक्यात संपते. ताकागी निशिकाताला चिडवते, तो उलटा डाव टाकायला जातो आणि तोंडघशी पडतो. पुढच्या भागात पुन्हा तेच. एकेका भागात असे तीन-चार छोटे किस्से असतात. खलनायक कुणी नाही, गैरसमजातून झालेली ताटातूट नाही, दोघांच्या मध्ये येणारा तिसरा नाही. तरीही माणसं पर्वामागून पर्व बघतात. मीही बघितली, काही भाग तर चार-पाचदा. असं या गोष्टीत काय आहे, ते या फिल्ममध्ये जरा जवळून बघू.

(पडद्यावर: निशिकाताचा लालबुंद चेहरा. मग ताकागीचा शांत चेहरा.)

मला सगळी खुबी दिसते ती एका साध्या निर्णयात. निशिकाताच्या मनातलं आपल्याला सगळं ऐकू येतं. त्याचे बेत, त्याची घाबरगुंडी, 'आज तर मी जिंकलोच' हा आनंद आणि दोन सेकंदांनी त्याचा झालेला पचका, सगळं मोठ्याने. ताकागीच्या मनातलं मात्र जवळजवळ कधीच ऐकवलं जात नाही. तिचा फक्त चेहरा दिसतो. तो वेळोवेळी कधी दिसतो ते बघा. निशिकाता मान फिरवतो, पुढे चालू लागतो, डोकं धरून बसतो, आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा तिच्याकडे वळतो. चिडवताना असलेलं मिश्कील हसू तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नसतं. तिथे दुसरंच काहीतरी असतं, खूप मऊ. त्याला ते दिसत नाही. आपल्याला दिसतं.

बघणाऱ्याला मालिकेत गुंतवतं ते हेच. आपण तिच्या गुपितात सामील झालेले असतो. तो 'हरलो, हरलो' म्हणत असताना ओरडून सांगावंसं वाटतं, अरे बाबा, मागे वळून बघ. आणि तो वळत नाही.

यात आवाजांचं काम फार मोठं आहे. निशिकाताला आवाज दिलाय युकी काजी यांनी. 'अटॅक ऑन टायटन' या ॲनिमे मालिकेत भिंतीपलीकडच्या राक्षसांवर चवताळून ओरडणाऱ्या एरेनचा आवाजही त्यांचाच. तोच गळा, तीच ताकद, आणि इथे ती सगळी एका खोडरबरासाठी पणाला लागते! बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याची छोटी लढाई केवढी मोठी वाटत असते, ते त्या आवाजामुळे पटतं. ताकागीला आवाज दिलाय रिए ताकाहाशी यांनी. त्या उलट्या दिशेने जातात. आवाज कधी चढत नाही, घाई नाही. 'निशिकाता' ही एकच हाक त्या किती वेगवेगळ्या तऱ्हांनी मारतात, ते मोजत बसावं. प्रत्येक भागाच्या शेवटी लागणारी गाणीही ताकाहाशी ताकागीच्याच आवाजात गातात, आणि ती असतात पूर्वी जपानमध्ये गाजलेली गाणी. जी पिढी शाळा सोडून कधीच नोकरीला लागली, तिला भाग संपता संपता आपलेच दिवस ऐकू येतात.

हाकांवरून आठवलं. ती त्याला नुसतं 'निशिकाता' म्हणते. तो मात्र शेवटपर्यंत 'ताकागी-सान' म्हणतो. आपल्याकडे राव, बाई, ताई असे जे निरनिराळे शब्द नावाला लागतात, त्यांचं काम जपानीत एकटं 'सान' करतं. जिच्यावर रोज सूड उगवायचे बेत चाललेत, तिच्या नावामागचा हा मान त्याच्याकडून एकदाही सुटत नाही. आणि ही दोन्ही आडनावं आहेत. दोघांची पाळण्यातली नावं मुख्य कथेत शेवटपर्यंत कळत नाहीत.

निशिकाताबद्दल अजून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हरला, की तो स्वतःला शिक्षा म्हणून जोर काढतो, अंग कमावून एक दिवस ताकागीला हरवीन या निश्चयाने. आणि याच मुलाचं एक गुपित आहे. '१०० टक्के एकतर्फी प्रेम' नावाची एक प्रेमकथा त्याला मनापासून आवडते. तो ती लपूनछपून बघतो आणि तिच्यातल्या नायक-नायिकेसाठी हळहळतो. पडद्यावरचं प्रेम त्याला लगेच उमगतं आणि शेजारच्या बाकावरचं उमगत नाही. या विसंगतीवर हसू येतं, पण त्या हसण्यात त्याच्याबद्दल माया असते. शाळेच्या वयात आपल्यालाही कुठे काय कळत होतं?

(पडद्यावर: फेरीबोट. निळा समुद्र, हिरव्या टेकड्या, ऑलिव्हची झाडं.)

आता ही गोष्ट जिथे घडते तिथे जाऊ. मालिकेत दिसणारे चढउताराचे रस्ते, देवळाच्या पायऱ्या, शाळेच्या वाटेवरून दिसणारा समुद्र हे सगळं शोदोशिमा बेटावरचं आहे. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातलं, कागावा प्रांतातलं हे बेट. यामामोतो याच बेटावरच्या तोनोशो गावचे. इथे १९०८ पासून ऑलिव्हची लागवड आहे. मोठमोठ्या लाकडी पिंपांत सोयाबीनचं मिश्रण मुरवत ठेवून सोया सॉस करण्याची रीत इथे अजून टिकून आहे. ओहोटी आली, की समुद्रातून वाळूची वाट वर येते आणि जवळच्या छोट्या बेटांपर्यंत चालत जाता येतं. तोनोशोमधली दोन भूभागांमधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ९.९३ मीटर रुंद आहे. जगातली सर्वांत अरुंद सामुद्रधुनी म्हणून तिची नोंद झाली आहे.

या सामुद्रधुनीपाशी मी जरा रेंगाळतो. पलीकडचा माणूस स्पष्ट दिसतो, हाक मारली तर ऐकू जाते, आणि तरी मधे समुद्र आहे. ताकागी आणि निशिकाता यांच्या बाकांमधलं अंतर मला नेहमी तेवढंच वाटत आलंय.

बेटाची स्वतःची जुनी तीर्थयात्राही आहे, ८८ ठिकाणांची. पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू आजही ती करतात. आता त्यांच्याच रस्त्यांवर हातात मोबाइल घेतलेली तरुण मुलंमुली दिसतात. मालिकेतला वळणाचा रस्ता कुठला, त्या पायऱ्या कुठल्या, ते शोधत ती फिरतात. आवडत्या ॲनिमेच्या जागा बघायला जाण्याला जपानीत शब्द आहे 'सेइची जुनरेइ', म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा.

(पडद्यावर: पाऊस. एका छत्रीखाली दोन पाठमोऱ्या आकृती.)

चिडवणं आणि छळणं यांत फार थोडं अंतर असतं, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगावं लागू नये. जपानमध्येही शाळेतला छळ हा गंभीर प्रश्न आहे. म्हणून ही मालिका बघताना मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. ताकागीची फिरकी त्या दोघांतच राहते. चार जणांना गोळा करून ती त्याला हसत नाही. त्याला लागेल अशा जागी ती बोट ठेवत नाही. आणि तिच्या प्रत्येक पैजेत एक मोकळी खिडकी असते. तू जिंकलास तर मला काहीही विचार, असं ती सांगते. त्याने नेमका प्रश्न विचारला, तर ती खरं उत्तर देईल, अशी माझी खात्री आहे. तो विचारायलाच धजावत नाही.

मात्र दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, उन्हाळ्यातल्या जत्रेत, गर्दीत दोघांची चुकामूक होते. ती सापडल्यावर निशिकाता डाव रचत नाही, मनात मोठ्याने काही बोलत नाही. तो तिचा हात धरतो. पुन्हा हरवायला नको म्हणून. त्या वेळी ताकागीकडे एकही मिश्कील वाक्य नसतं. २४ भाग तिच्या तोंडून फिरक्या ऐकलेल्या आपल्याला ती शांतता ऐकू येते.

पुढे काय होतं? ते लपवायचं कारण नाही, कारण खुद्द कथेनेच लपवलेलं नाही. मुख्य कथा चालू असतानाच मिफुमी इनाबा यांनी तिची उपकथा काढायला घेतली होती, 'कराकाई जोझु नो मोतो ताकागी-सान'. 'मोतो ताकागी' म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर माहेरची ताकागी. दोघांचं लग्न झालंय, ची नावाची एक मुलगी आहे, आणि निशिकाता अजून रोज हरतोय. शेवट माहीत असून लोक पुन्हा पहिल्या पर्वाकडे गेले, त्याच दोन बाकांकडे.

(पडद्यावर: पुन्हा तोच वर्ग. घंटा होते. खोडरबर बाकावर तसाच आहे. व्हरांड्यातून पावलांचा आवाज येतो आणि एक हाक.)

'निशिकाता...'