टाळूखालचं पाणी

(दृश्य: जुनं प्राग शहर)

1923. डोळ्यांचे डॉक्टर योसेफ यांकू सूक्ष्मदर्शकातून अकरा महिन्यांच्या एका बाळाचा डोळा तपासत होते. बाळाच्या डोक्यात जन्मापासूनच पाणी होतं. दृष्टिपटलात त्यांना परजीवीच्या गाठोळ्या दिसल्या. ही नोंद बरीच वर्षं तशीच पडून राहिली.

(दृश्य: न्यूयॉर्क, जुनी छायाचित्रं)

मे 1938. सिझेरियननं एक मुलगी जन्मली. तिसऱ्या दिवशी तिला झटके येऊ लागले, महिन्याभरात ती गेली. वुल्फ, काउएन आणि पेज या डॉक्टरांना तिच्या मेंदूत तोच जीव सापडला. तिच्या मेंदूचा अंश त्यांनी ससे आणि उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्याही मेंदूला सूज आली. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी आईच्या पोटातच बाळाला गाठतो, हे तेव्हा पक्कं झालं.

(दृश्य: मेंदूचं रेखाचित्र)

मेंदूच्या पोकळ्यांमध्ये पाणी सतत तयार होतं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर. ते खाली उतरतं एका नळीतून, आणि नवजात बाळात ती जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. परजीवीमुळे तिथे सूज आली, व्रण पडला, की वाट बंद. पाणी मात्र तयार होतच राहतं. बाळाच्या कवटीच्या शिवणी जुळलेल्या नसतात, म्हणून डोकं वाढत जातं. टाळू तणावते, कपाळावर शिरा उठतात, बुबुळं खाली ओढल्यासारखी दिसतात.

आणि आई? बहुतेकदा ठणठणीत. फार तर थोडा ताप, मानेत गाठी. दोष सगळे मांजराला देतात. मांजराच्या विष्ठेतून हा जीव पसरतो हे खरं, पण कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजीही तितकीच जबाबदार. गरोदरपणाच्या सुरुवातीला संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत क्वचित पोचतो, पण पोचला तर नुकसान मोठं. शेवटच्या महिन्यांत नेमकं उलट.

हाच एक गुन्हेगार नाही. सायटोमेगॅलो विषाणूनंही पाणी साचू शकतं, जरी त्यात डोकं लहान राहणं अधिक दिसतं. घरातल्या उंदरांकडून येणारा एक विषाणूही हेच करतो, आणि आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गांसाठीच्या नेहमीच्या 'टॉर्च' रक्ततपासणीत त्याचा पत्ताच लागत नाही.

फ्रान्समध्ये ज्या गरोदर बाईला टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग पूर्वी झालेला नाही, तिचं रक्त दर महिन्याला तपासतात.

(दृश्य: शस्त्रक्रियेची खोली)

टोक्सोप्लाझ्माची लागण झालेल्या बाळाला साधारण वर्षभर औषधं द्यावी लागतात. साचलेल्या पाण्यासाठी शंट बसवतात: कानामागून कातडीखालून पोटापर्यंत गेलेली बारीक नळी. मूल वाढेल तशी पुरावी म्हणून ती पोटात मुद्दाम जास्तीची सोडतात. पण शंट तुंबतो. अशा मुलाला उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त पडलं, तर पित्त झालं असेल म्हणून घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी सर्जनकडे न्यायचं.