तिमगाद: मातीखालून निघालेली रोमन वसाहत

(दृश्य: ड्रोनमधून दिसणारे अवशेष)

अल्जेरियातल्या ऑरेस डोंगररांगेच्या पायथ्याशी हे तिमगाद. रोमन नाव थामुगादी. वरून पाहताना नजर ठरते ती रस्त्यांवर. सगळे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे.

इ.स. 100 मध्ये सम्राट ट्राजनच्या हुकमावरून तिसऱ्या ऑगस्टा लीजनच्या, म्हणजे रोमन सैन्यदलाच्या एका मोठ्या तुकडीच्या, सैनिकांनी हे शहर वसवलं. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना इथे घर आणि जमीन मिळायची. पण वस्ती वाढली आणि पुढच्या पिढ्यांनी आखणी ओलांडली. मुख्य देवळासाठीही जागा शोधावी लागली ती जुन्या चौकटीबाहेर.

(दृश्य: फरसबंदी, जवळून)

हमरस्त्याच्या या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पाहा. आणि फोरममध्ये, म्हणजे भर चौकात, दगडावर कोरलेला हा सोंगट्यांचा पट. त्यावरच्या अक्षरांचा अर्थ असा: शिकार, स्नान, खेळ, हसणं, हेच जगणं. मला विचाराल तर इथल्या भव्य कमानीपेक्षा हा पट मोलाचा. इथली माणसं फावल्या वेळात काय करत होती, हे तो सांगतो.

शहरात सार्वजनिक ग्रंथालयही होतं. एका नागरिकाने त्यासाठी मृत्युपत्रातून 4 लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, मागे ठेवले होते. तसा शिलालेखच सापडला आहे.

(दृश्य: उत्खननाची जुनी छायाचित्रं)

1765 मध्ये जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी इथे येऊन गेला. खरं उत्खनन सुरू झालं 1881 मध्ये, फ्रेंच राजवटीत. फ्रेंच स्वतःला रोमचे वारसदार मानत. त्यांना हवं होतं रोमन शहर, आणि तेही लवकर. त्या घाईत वरचे थर, म्हणजे रोमनांनंतर इथे राहिलेल्यांच्या खुणा, पुरेशी नोंद न करताच उपसले गेले. एकदा उपसलेला थर पुन्हा वाचता येत नाही. ही हानी कायमची आहे, आणि तिमगादच्या देखण्या चित्रांसोबत ती सांगितलीच पाहिजे.

(दृश्य: बायझंटाइन किल्ला)

शहराच्या दक्षिणेचा हा किल्ला सहाव्या शतकातला, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, सैन्याने जुन्या इमारतींचे दगड वापरून बांधलेला. इथलं उत्खनन पुष्कळ नंतरचं, आणि त्याचा सविस्तर अहवालही निघाला. किल्ल्याच्या बराकी नोंदल्या गेल्या आणि त्यांच्या खालचं त्याहून जुनं, झऱ्याकाठचं देवस्थानही सापडलं, पाण्याच्या कुंडांसकट.