सुई हलते ती रात्र

[दृश्य: ट्रॉम्सोजवळचं क्वालोया बेट. दुपारचे बारा. बर्फावर निळा उजेड.]

नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सो शहराच्या परिसरात, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तरी भर दुपारी काळोख नसतो. दोन-तीन तास असा निळा उजेड पसरतो की ना सावली पडते, ना बर्फ डोळ्यांवर येतो. डोंगर, समुद्राची खाडी आणि बर्फ एकाच फ्रेममध्ये नीट बसतात ते याच वेळी. ड्रोनचं काम आत्ताच उरकायचं. रात्री आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलू लागले की ड्रोन बॅगेत आणि कॅमेरा ट्रायपॉडवर. हा क्रम का पाळायचा, ते पुढे कळेलच.

[दृश्य: जाकिटाच्या आतल्या खिशातून बॅटरी बाहेर येते.]

थंडीचा पहिला घाव बसतो बॅटरीवर. तापमान उतरलं की सेलच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. मग जोरात वर चढताना मोटर जास्त करंट ओढते आणि व्होल्टेज एकदम कोसळतं. स्क्रीनवर 40 टक्के दिसत असताना ड्रोन आपणहून उतरायला लागतो, तो यामुळेच. म्हणून बॅटरी उड्डाणापर्यंत अंगाशी ठेवायची, शक्यतो 20 अंशांच्या वर. बॅटरी बसवल्यावर ड्रोन दोन मीटर उंचीवर मिनिटभर स्थिर ठेवायचा, म्हणजे सेल स्वतःच्याच उष्णतेने तापतात. टक्क्यांवर विसंबू नका, सेलचं व्होल्टेज बघा. थ्रॉटल, म्हणजे मोटरला जोर, दिल्यावर एखाद्या सेलचाही आकडा 3.5 व्होल्टच्या खाली जायला लागला की परत फिरायचं. उरलेला शॉट उद्या घेता येतो.

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, येताना वारा पाठीशी. उलट केलं की परतीच्या वाटेवर बॅटरी संपते, आणि खाली खाडीचं पाणी असतं. लिंगेनच्या डोंगररांगेत शिखरं 1800 मीटरच्या वर जातात. तिथून थंड, जड हवा उताराने खाली घसरते. किनाऱ्यावर पानही हलत नसताना कड्याच्या आडोशाला ड्रोन अचानक खाली खेचला जातो तो याच हवेमुळे. कड्याच्या फार जवळ जाऊ नये.

[दृश्य: प्रोपेलरचं पातं, अगदी जवळून. कडेला पांढरी किनार.]

हे पातं नीट बघा. पुढच्या कडेला साखरेसारखी खरखरीत पांढरी रेघ दिसतेय. तापमान शून्याच्या जरा खाली आणि हवेत धुकं असेल, तर धुक्यातले थेंब गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतात आणि पात्याला आपटताक्षणी गोठतात. मिलिमीटरभर थरानेही पात्याचा आकार बिघडतो. उचल कमी होते, ती भरून काढायला मोटर जास्त फिरते आणि शेवटी ड्रोन पडतो. उणे 15 अंशांची कोरडी हवा परवडली, पण उणे 3 अंशांचं धुकं नको. उतरल्यावर दर वेळी पात्यावरून बोट फिरवा. खरखर लागली तर त्या दिवसाचं उड्डाण संपलं.

उड्डाण आणि उतरणं ताज्या बर्फावरून नको. पंख्याचा वारा भुसभुशीत बर्फ उडवतो आणि तो गिम्बलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या आधाराच्या, सांध्यांत शिरून गोठतो. शिवाय सपाट पांढऱ्या पृष्ठभागावर ड्रोनच्या खालच्या कॅमेऱ्यांना काही खूणच सापडत नाही, त्यामुळे उंचीचा अंदाज चुकतो. गडद रंगाची चटई अंथरा आणि तिच्या कडांवर दगड ठेवा.

नियम थोडक्यात. जमिनीपासून 120 मीटरच्या वर जायचं नाही, ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, नोंदणी क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा. विमानतळापासून 5 किलोमीटरच्या आत परवानगी लागते, आणि ट्रॉम्सोचा विमानतळ शहराच्या बेटावरच आहे. रेनडियरचा कळप दिसला तर ड्रोन खाली घ्या. हिवाळ्यात त्यांच्या अंगातली शक्ती मोजकी असते, आवाजाने घाबरून पळण्यात ती खर्च झाली तर बर्फाखालचं खाद्य उकरायला काय उरणार?

[दृश्य: जुन्या होकायंत्राची सुई, हळूहळू डावीकडे सरकते.]

1741 साली स्वीडनमधल्या उप्साला इथे अँडर्स सेल्सियस आणि त्याचा सहकारी ओलोफ योर्टर होकायंत्राच्या सुईचं निरीक्षण करत होते. आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाश चमकला की सुई हलते, हे योर्टरच्या लक्षात आलं. वरच्या वातावरणात वाहणारे विद्युत प्रवाह सुईला हलवतात.

तसंच होकायंत्र आज ड्रोनच्या पोटात आहे. ट्रॉम्सोत पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीत जवळजवळ 78 अंशांच्या कोनात शिरतात. दिशा दाखवणारा आडवा भाग त्यामुळे दुबळा, चुंबकीय क्षेत्राच्या मापात साधारण 11,000 नॅनोटेस्ला. जोरदार चुंबकीय वादळात त्यात 1000 नॅनोटेस्लांची ढवळाढवळ झाली, तर दिशा पाच अंशांपर्यंत चुकू शकते. त्याच वेळी आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातून, येणारे उपग्रहांचे सिग्नल थरथरतात आणि जागेचा अंदाजही डळमळतो. ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी मोठी होत जाणारी वर्तुळं काढू लागतो. म्हणजे आकाश ज्या रात्री सर्वांत देखणं असतं, त्याच रात्री ड्रोन सर्वांत बेभरवशाचा. केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचं माप, 5 किंवा त्याहून जास्त असेल तर ड्रोन बाहेर काढूच नये.

तसाही रात्री त्याचा उपयोग कमीच. अंधारात खालचे कॅमेरे आंधळे होतात, ड्रोन किंचित तरंगत राहतो आणि दोन-तीन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तारे रेघोट्या होतात. गिम्बल फार वर वळवला तर फ्रेममध्ये पाती येतात.

[दृश्य: ट्रायपॉड. लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी.]

आता कॅमेरा. 14 ते 24 मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर 2.8 किंवा त्याहून उघडं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास नको, थंडीत ती खूण सरकते. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा दहापट मोठा करून बघा, तो सर्वांत बारीक दिसेल तिथे रिंग चिकटपट्टीने बांधा आणि तासाभराने पुन्हा तपासा. स्थिरीकरण बंद. कॅमेऱ्याचा गळ्यात घालायचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्यात तो ट्रायपॉड हलवतो.

आणि लेन्ससमोरचा संरक्षक फिल्टर न विसरता काढा. उत्तर ध्रुवीय प्रकाशातला हिरवा रंग जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, 557.7 नॅनोमीटरचा. सपाट काचेच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये असा प्रकाश मागेपुढे परावर्तित होतो आणि फोटोच्या मध्यभागी एकात एक अशी वर्तुळं उमटतात. लहान स्क्रीनवर ती दिसत नाहीत. मोठ्या पडद्यावर दिसतात तेव्हा रात्र गेलेली असते.

एक्स्पोजर किती? उत्तर ऑक्सिजनच्या अणूत आहे. उत्तेजित झालेला अणू हिरवा प्रकाश टाकायला सरासरी पाऊण सेकंद घेतो, लाल प्रकाश टाकायला जवळजवळ 110 सेकंद. इतका वेळ दुसऱ्या कणावर न आपटता राहणं फक्त विरळ हवेत, 200 किलोमीटरच्या वर शक्य असतं. म्हणून लाल रंग वर, पसरलेला आणि संथ, तर हिरवा खाली, 100 ते 150 किलोमीटरवर, धारदार आणि चपळ. शांत कमान असेल तर आयएसओ 1600 आणि 8 ते 10 सेकंद. पडदे हलू लागले की आयएसओ 3200 आणि 2 ते 4 सेकंद. डोक्यावर चहूकडे फाकणाऱ्या किरणांचा मुकुट फुटला की एक सेकंद किंवा त्याहूनही कमी, नाहीतर सगळ्या किरणांचा हिरवा चिखल होतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखात, हिरव्या रंगाची रेषा वेगळी बघा, आधी हिरवाच रंग जास्त उजळून तपशील हरवतो. अंधारात स्क्रीन फसवी उजळ दिसते, तिची चमक कमी ठेवा. फाइल रॉ, रंगतापमान 3800 केल्विनच्या आसपास.

टाइमलॅप्सचा हिशेब आधीच करा. 10 सेकंदांच्या चित्रफितीला, सेकंदाला 25 धरून, 250 फ्रेम लागतात. 4 सेकंदांचं एक्स्पोजर आणि एका सेकंदाचं अंतर धरलं तर जवळजवळ 21 मिनिटं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

[दृश्य: हवाबंद पिशवीत शिरणारा कॅमेरा.]

खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच, मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या. मग कॅमेरा पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि तोंड बंद करा. घरातलं बाष्प पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, लेन्सच्या आत नाही. दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही. तोवर कार्डावरच्या फ्रेम बघता येतात.